मांसविरती, ‘जेय’ आणि बँकॉकच्या गल्लीतील खाणावळ

बँकॉकच्या सीलोम मार्गाला लागून असलेल्या महेसाक रस्त्यावर दिवसभर रत्नांचा व्यवहार चालू असतो. माणिक-नीलमांच्या पुड्या उघडतात, काट्यावर तोलल्या जातात, भाव बोलला जातो आणि पुडी पुन्हा घडीत बंद होते. मुंबई, सुरत आणि जयपूर येथील व्यापाऱ्यांना हा परिसर नवा नाही. अनेक भारतीय घराणी, त्यांत जैन घराणीही, येथे वर्षानुवर्षे व्यवसाय करीत आहेत. साधारणतः फेब्रुवारी आणि सप्टेंबर या महिन्यांत भरणाऱ्या रत्न-आभूषण प्रदर्शनाच्या निमित्ताने पाहुण्या व्यापाऱ्यांची त्यांत भर पडते, आणि अलीकडे त्यांच्यासोबत कुटुंबेही येऊ लागली आहेत.

माल पाहून झाला की प्रश्न उरतो तो जेवणाचा. त्याची सोपी उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. पेटीतले खाकरे आणि थेपले असतात, सीलोमच्या आसपास भारतीय उपाहारगृहे असतात, आणि काहीच न जमल्यास फळे तर सर्वत्र मिळतात. परंतु पाच-सात दिवसांच्या मुक्कामात एखादी वेळ अशी येतेच, की थाई व्यापारी मित्र आपुलकीने जेवायला बोलावतो, किंवा नातवंडे हट्ट धरतात, की या देशात येऊन या देशाचे काही चाखायचेच नाही का? अशा वेळी घरातील ज्येष्ठांच्या मनात जी चलबिचल होते, ती जिभेची नसते. आपला नियम राखून या परक्या स्वयंपाकघरात शिरता येईल का, हा तिचा विषय असतो. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. ते त्या स्वयंपाकघराची ओळख करून घेतल्यावरच मिळते.

जसे सांगाल तसे

बँकॉकमधील भपकेबाज उपाहारगृहे बाजूला ठेवली, तर तेथील सामान्य माणूस जेथे रोज जेवतो ती जागा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली खाणावळ. दुमजली-तिमजली इमारतींच्या रांगेतील एक गाळा, पुढची बाजू पूर्ण उघडी, पोलादी पत्र्याची मेजे, प्लॅस्टिकची स्टुले, बर्फाची बादली आणि अगदी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, धडधडणाऱ्या शेगडीवर ठेवलेली मोठी कढई. बहुतेक पदार्थांचे मोल शंभर बाटच्या आत असते. वरच्या मजल्यावर मालकाचे घर असते. दुपारी शाळेतून आलेले मूल कोपऱ्यातल्या मेजावर अभ्यास करीत बसलेले दिसते. पेढीच्या वर घर आणि घराखाली पेढी ही रचना व्यापारी कुटुंबांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा खाणावळीला थाई भाषेत ‘रान आहान ताम सांग’ म्हणतात. यातील ‘आहान’ हा शब्द म्हणजे आपला ‘आहार’च, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘र’चा उच्चार थाई भाषेत ‘न’ होतो, एवढाच फरक. ‘ताम सांग’ म्हणजे फर्माइशीप्रमाणे. या ‘सांग’चा मराठी ‘सांगणे’शी भाषेच्या नात्याने काही संबंध नाही, पण अर्थ मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: जसे सांगाल तसे करून मिळेल. चिरलेल्या भाज्या, टोफू, भात आणि शेवया समोर मांडलेल्या असतात. ग्राहक सांगतो, आणि त्याच्या एकट्यापुरता पदार्थ दोन-तीन मिनिटांत कढईतून उतरतो. आधीच शिजवून ठेवलेल्या अन्नातून काही वगळता येत नाही. येथे मात्र पदार्थ डोळ्यांसमोर जन्माला येत असल्याने वगळण्याची सोय मुळातच आहे. नियम पाळणाऱ्या माणसाला ही खाणावळ मोठ्या हॉटेलापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, ती याच कारणाने.

विरतीचे दोन शब्द

थायलंड हा बौद्ध बहुसंख्येचा देश असला, तरी तेथील सर्वसाधारण आहार सामिष आहे. भिक्षूंनी भिक्षापात्रात जे पडेल ते स्वीकारावे, ही तेथील थेरवादी परंपरा आहे. तथापि मांसत्यागाची कल्पना तेथे अपरिचित नाही आणि तिच्यासाठी दोन स्वतंत्र शब्द प्रचारात आहेत. या दोहोंतील भेद ज्याला कळला, त्याचे अर्धे काम झाले.

पहिला शब्द ‘मांगसविरत’. जैन वाचकाला तो पाहताक्षणीच ओळखीचा वाटेल, कारण तो ‘मांस’ आणि ‘विरती’ या दोन शब्दांपासूनच बनला आहे. पण जेवढा शब्दार्थ, तेवढीच त्याची व्याप्ती. मांसापासून विरती झाली. अंडे, कांदा आणि लसूण यांविषयी हा शब्द मौन पाळतो. ‘मांगसविरत’ म्हणून मागवलेल्या भातात अंडे फोडून घातलेले आढळले, तर त्यात स्वयंपाक करणाऱ्याने फसवणूक केलेली नसते. त्याच्या भाषेत अंडे या शब्दाच्या कक्षेत बसते.

दुसरा शब्द ‘जेय’. हा थायलंडमधील चिनी वंशाच्या लोकांबरोबर आला आणि त्याच्यामागे व्रताची भावना आहे. ‘जेय’ आहारात मांस, मासे, अंडी नाहीतच, दूधही नाही. शिवाय पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत: लसूण, कांदा आणि त्याचे सर्व प्रकार, लसणाच्या वासाची चिनी पात, लहान चिनी कांदा आणि तंबाखूचे पान. या वनस्पती मनाला क्षुब्ध करतात, साधनेत विघ्न आणतात, ही त्यामागची धारणा. कांदा-लसणाविषयी अशी धारणा बाळगणारा दुसरा समाज इतक्या दूर भेटावा, याचे पहिल्यांदा जाणाऱ्यास नवल वाटते. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात लिहिलेले ‘जेय’ हे अक्षर ज्या दुकानावर बारमाही फडकते, तेथील सारे स्वयंपाकघरच या नियमाने चालते.

शाकाहाराला थाई सार्वजनिक जीवनातही स्थान मिळालेले आहे. 1985 ते 1992 या काळात बँकॉकचे गव्हर्नर असलेले चामलोंग श्रीमुआंग हे ‘सांती अशोक’ या बौद्ध पंथाचे अनुयायी आणि शाकाहारी होते. मांसत्यागावर भर देणाऱ्या या पंथामुळे शाकाहारी खाणावळी चिनी वस्तीपलीकडील लोकांच्याही परिचयाच्या झाल्या. सारांश, नियमाने खाणारा माणूस तेथे चमत्कारिक ठरत नाही. त्याला योग्य शब्द मात्र माहीत असावा लागतो.

तापवलेला खडा

साध्या खाणावळीत सर्वांत मोठी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसून न दिसणाऱ्या घटकांची असते. ‘नाम प्ला’ म्हणजे शब्दशः माशाचे पाणी. थाई स्वयंपाकात मिठाची जागा बहुतांशी तेच घेते. भाजी हिरवीगार असेल, टोफू पांढराशुभ्र असेल, पण खारटपणा या पाण्याचा असतो. ‘कापि’ हे अगदी बारीक कोळंबीचे आंबवलेले वाटण असते. कढईतल्या पालेभाजीला जी चकाकी येते, ती पुष्कळदा शिंपल्यांपासून केलेल्या दाट सॉसची असते.

हिरवी, तांबडी किंवा पिवळी थाई करी हा तर या अडचणीचा कळसच. तिचे वाटण आधीच तयार असते आणि त्यात लसूण, बारीक कांदा, कुलिंजन, कोथिंबिरीची मुळे आणि बहुधा कापि एकजीव झालेले असतात. वरून मांसाऐवजी टोफू घातला म्हणून ते वाटण बदलत नाही. हिरव्या करीत लहान हिरवी वांगीही असतात, जी अनेक जैन घरांत बहुबीज म्हणून वर्ज्य आहेत. बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि कांदा असलेली ‘मस्समान’ करी तर बोलायलाच नको. म्हणून गल्लीतील खाणावळीत करीचा मोह आवरावा, हाच सरळ मार्ग. मुंबई-पुण्याच्या काही उपाहारगृहांत ‘जैन थाई करी’ मिळते, कारण तेथे ग्राहक ओळखून वाटण निराळे केलेले असते. बँकॉकच्या गल्लीत ‘जैन’ हा शब्द तसे काम करीत नाही.

रत्नव्यापारात असलेल्यांना हे उदाहरणाने चटकन पटेल. थायलंडच्या पूर्वेकडील चंथाबुरी हे शहर माणिक-नीलम तापवून त्यांचा रंग खुलविण्याच्या कसबासाठी प्रसिद्ध आहे. तापवलेला खडा खोटा नसतो. पण न तापवलेल्या खड्याशेजारी तो ठेवला, तर साध्या डोळ्याला भेद कळत नाही. म्हणूनच विक्रेत्याने सांगावे आणि घेणाऱ्याने विचारावे, हा बाजाराचा दंडक. ताटातील टोफूचेही तसेच आहे. डोळ्यांवर विसंबणारा ग्राहक पेढीवर फसतो, तसा मेजावरही फसतो.

मेजावरच्या चार लहान बरण्यांचीही ओळख असावी. साखर, सुक्या मिरचीची भुकटी, मिरचीचे तुकडे टाकलेला शिरका आणि मिरची घातलेले नाम प्ला अशा त्या असतात. शेवटच्या दोघी दिसायला जवळजवळ जुळ्या. घरातील मुलांना शिरका आवडतो आणि ती न विचारता बरणी उचलतात. एवढी दक्षता घेऊन मागवलेले ताट मग त्या एका चमच्याने बिघडते.

पिवळा झेंडा कोठवर साथ देतो

‘जेय’ शब्दाने मासा, कोळंबी, अंडे, कांदा आणि लसूण एकदम बाजूला होतात. परंतु जेय म्हणजे जैन आहार असे समजून निर्धास्त होणे हीदेखील चूकच. दोन्ही परंपरा एका वळणापर्यंत सोबत चालतात आणि तेथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिला फरक कंदमुळांचा. जेय आहाराला जमिनीखालच्या भाजीचे वावडे नाही. पांढरा मुळा, गाजर, बटाटा, आले, कुलिंजन हे सारे तेथे चालते. दुसरा फरक आळंबीचा. जेय स्वयंपाकात आळंबीला मानाचे स्थान आहे. जेय सुपाचे पाणी पुष्कळदा मुळा आणि आळंबी उकळूनच तयार होते आणि शिंपल्यांच्या सॉसऐवजी आळंबीचा सॉस वापरला जातो. म्हणजे वाडग्यात केवळ टोफू आणि कोबी तरंगत असला, तरी खालचे पाणी आळंबीचे असू शकते. तिसरी गोष्ट अशी, की काही चिनी-थाई कुटुंबांत जेय पाळतानाही शिंपले चालतात अशी समजूत आहे. तेव्हा घरगुती आमंत्रणात ‘सगळे जेयच आहे’ एवढ्या आश्वासनावर थांबू नये.

चौथी गोष्ट नियमापेक्षा मनाशी अधिक निगडित आहे. जेय दुकानांत गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून केलेले नकली बदक, नकली मासा, नकली कोळंबी मांडलेली असते; कातडीच्या रेषांपर्यंत हुबेहूब. घटक पाहिले तर त्यात प्राणिजन्य काही नाही. तरीही मांसाच्या आकाराचे अन्न मुलांच्या ताटात वाढावे का, हा प्रश्न अनेक मातांना पडतो. जेय पाळणारा चिनी गृहस्थ नऊ दिवस मांस सोडतो, तेव्हा त्याची सवय जपण्यासाठी ही नक्कल असते. ज्यांना ती सवयच नाही, त्यांना या नकलेची गरज काय, असे आजी सहज विचारून जाते आणि त्यावर कोणाजवळ फारसे उत्तर नसते.

भिडेचा होकार

थाई स्वभावाचा एक पैलू समजून घेतल्याशिवाय ही खाणावळ पुरती कळत नाही. तेथे ‘क्रेंग जाइ’ नावाचा एक शब्द आहे. समोरच्याला त्रास होऊ नये, त्याला अवघडल्यासारखे वाटू नये, म्हणून माणूस स्वतःला आवरतो, तो भाव म्हणजे क्रेंग जाइ. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘भीड’. ही भीड सुंदर आहे, पण जेवणाच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंनी घात करते. पाहुणा भिडेपोटी विचारत नाही आणि खाणावळीची मालकीण भिडेपोटी ‘नाही’ म्हणत नाही. ‘हे शाकाहारी आहे ना?’ असा प्रश्न केला, की हसतमुखाने ‘दाइ’, म्हणजे ‘होईल’, असे उत्तर येते. पाहुण्याला निराश न करणे हा त्यातला हेतू असतो.

म्हणून ज्याचे उत्तर ‘हो’ येऊ शकते असा प्रश्न टाळावा. ‘साइ अराइ बांग?’, म्हणजे ‘यात काय काय घालता?’, असे विचारले की उत्तरात नावे येतात आणि नावांवरून निर्णय करता येतो. प्रथम ‘किन जेय’, म्हणजे ‘मी जेय खातो’, असे सांगावे. मग ‘माइ साइ’ म्हणजे ‘घालू नका’ हे शब्द योजून एकेक गोष्ट वगळावी: खाइ म्हणजे अंडे, नाम प्ला, कापि, क्राथिअम म्हणजे लसूण, हुआ होम म्हणजे कांदा, हेत म्हणजे आळंबी. कंदमुळांसाठी ‘ताय दिन’ म्हणजे ‘जमिनीखालचे’ हा शब्द उपयोगी पडतो. ही कल्पना ऐकणाऱ्याला नवी असते, पण अवघड नसते. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि स्त्रियांनी ‘खा’ म्हणावे, म्हणजे सांगणे आर्जवी होते. थाई भाषेत पाच सूर आहेत आणि सूर चुकला की अर्थही चुकतो. त्यामुळे ही सारी यादी एखाद्या थाई परिचिताकडून थाई लिपीत लिहून घेऊन तो कागद पाकिटात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

काही प्रवासी ‘आम्हांला याची ॲलर्जी आहे’ असे सांगून वेळ मारून नेतात. स्वयंपाकघर त्यामुळे सावध होते हे खरे. परंतु नियम राखण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा लागावा, हे त्या नियमाला शोभत नाही, आणि येथे तर त्याची आवश्यकताही नाही. भिक्षूंनी माध्यान्हानंतर अन्न घेऊ नये, हा नियम थाई माणूस लहानपणापासून पाहत आलेला असतो. घरातला कोणी ना कोणी वर्षातून नऊ दिवस जेय पाळलेला असतो. ‘आमच्या धर्मात हे घेत नाहीत’ असे सरळ सांगितले, तर ते त्याच्या परिचयाच्याच भाषेत सांगितल्यासारखे होते.

ताटात काय येते

एवढे वगळल्यावर उरते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पुष्कळ उरते. आधी येतो तो मोगऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा सुवासिक, मऊ भात. प्रत्येकाच्या ताटात भात आणि मध्यभागी सर्वांनी मिळून घेण्याचे पदार्थ, ही तेथील पद्धत. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा; काट्याने घास चमच्यावर लोटायचा आणि चमच्याने खायचे. सुरी नसतेच, कारण सारे आधीच बारीक चिरलेले असते. थाई यजमानासोबत बसताना आपल्या पदार्थांचा वाढण्याचा चमचा निराळा आहे, एवढे मात्र पाहावे.

‘पाक बुंग’ म्हणजे आपली नाळीची भाजी. पोकळ देठांची ही पाण्यातली पालेभाजी मोठ्या जाळावर क्षणभर परतली जाते. लसूण वगळून, आंबवलेल्या सोयाबीनच्या दाण्यांवर आणि मिरचीवर केली, तरी तिचा करकरीतपणा आणि खमंगपणा तसाच राहतो. ‘काफ्राओ’ या नावाने जे पान कढईत पडते ते तर आपली तुळस आहे. महाराष्ट्रात अंगणातल्या वृंदावनात किंवा काढ्यात भेटणारी तुळस येथे मूठभर घेऊन टोफू आणि हिरव्या मिरचीसह परततात. तिचा तो उष्ण, लवंगेसारखा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. काजू आणि कोवळ्या मक्याची कणसे घालून परतलेला टोफू, अंडे न घालता परतलेला लाल भोपळा, अननसाच्या फोडी घातलेला भात, हे पदार्थही विनासायास होतात.

‘सोम ताम’ हा कच्च्या पपईचा पदार्थ बहुधा शेजारच्या गाडीवर मिळतो. उखळीत पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, मिरची, ताडगूळ, लिंबू आणि भाजलेले शेंगदाणे हलक्या हाताने कुटतात. लसूण, सुकी कोळंबी आणि नाम प्ला यांना फाटा देऊन मीठ आणि चिंचेचा कोळ घातला, की आंबट, गोड, खारट, तिखट अशा चारही चवी एकाच घासात येतात. मात्र उखळ आधी स्वच्छ धुऊन घेण्यास आवर्जून सांगावे, कारण त्याच उखळीत आंबवलेल्या माशाचा प्रकारही कुटला जातो. मालकीण ते सहज करते. उखळ धुणे हे तिच्या दृष्टीने काही आक्रीत नसते.

मुलांची फर्माइश असते ती पॅड थायची. सयामचे थायलंड असे नामांतर 1939 मध्ये झाले, त्या काळातील पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या राजवटीत या पदार्थाला राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणले गेले. त्यासाठी लागणाऱ्या तांदळाच्या चपट्या शेवयांना ‘सेन चान’ म्हणतात. यातील ‘चान’ म्हणजे तेच चंथाबुरी, जेथे माणकांना रंग चढतो. रूढ पॅड थायमध्ये अंडे, सुकी कोळंबी, नाम प्ला, लसणाच्या वासाची पात आणि खारवलेला मुळा असतो. हे सारे काढले की शेवया, टोफू, चिंच, ताडगूळ, शेंगदाणे आणि लिंबू उरतात. मोड आलेले मूग ज्यांना चालतात त्यांनी ठेवावेत. एवढी काटछाट झाल्यावर त्याला पॅड थाय म्हणावे की नाही, यावर थाई माणूस हसून मान हलवील. चिंचेची आंबटगोड चव मात्र मुलांना नाराज करीत नाही.

शेवटी गोड. मार्च ते मे हा आंब्याचा भर. नारळाच्या दाट दुधात मुरवलेला चिकट भात, शेजारी ‘नाम दोक माइ’ जातीच्या आंब्याच्या पिवळ्या फोडी, वर भाजलेली मूगडाळ आणि खारट चवीचे नारळाचे दूध. कोकणातल्या माणसालाही या जोडीत आपले काही सापडेल. पिण्यासाठी निळेशार ‘आन्चान’ घ्यावे. हे आपल्या गोकर्णीच्या फुलांचे पाणी असते आणि लिंबू पिळताच ते जांभळे होते. मुले ते दोनदा मागवतात, दुसऱ्यांदा बहुधा केवळ रंग बदलताना पाहण्यासाठी.

कढई, पाणी आणि सूर्यास्त

इतके सारे जमले, तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. साध्या खाणावळीत कढई एकच असते. दोन पदार्थांच्या मध्ये ती पाण्याने घासून घेतात, पण थोड्याच वेळापूर्वी तीत मांस शिजलेले असते. ज्यांच्या नियमात हे बसत नाही त्यांनी येथे शिजवलेले अन्न घेऊ नये, आणि त्यासाठी कोणी त्यांना कर्मठ म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी बारमाही जेय दुकान हा योग्य पर्याय. तेथे कढईचा प्रश्न मिटतो, कंदमुळे आणि आळंबी यांची चौकशी तेवढी उरते. काही खाणावळींत विनंती केल्यास दुसरा तवा किंवा पातेले काढून देतात. विचारण्यात संकोच करू नये. आणि ज्यांना तेही नको, त्यांना शहाळे, ड्रॅगन फळ, पेरू आणि आंबा यांनी सजलेली गाडी पन्नास पावलांवर असतेच.

एकाच कुटुंबात तिन्ही प्रकारची माणसे असू शकतात. आजीचे चौविहार, सुनेचा कंदमूळत्याग, नातवाचा केवळ शाकाहार. या तिघांना एका मेजावर बसवताना ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याचे जेवण आधी ठरवावे आणि मग बाकीच्यांचे. पुष्कळदा याउलट घडते; सर्वांचे मागवून झाल्यावर आजीला विचारले जाते आणि ती ‘मला भूक नाही’ असे म्हणून मोकळी होते. भिडेसाठी थाई माणसाला हसण्याचे कारण नाही. ती आपल्या घरातही बसलेली असते.

वेळेचे गणितही ध्यानात असावे. बँकॉकचे घड्याळ भारताच्या दीड तास पुढे आहे. तेथे सूर्यास्त वर्षभरात साधारण पावणेसहा ते पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणजे तेथल्या घड्याळाप्रमाणे मुंबईपेक्षा थोडा आधीच. सायंकाळी पाचपर्यंत बाजारात रेंगाळून मग निघाले, तर बँकॉकच्या वाहतुकीत सूर्य हातचा जातो. सुदैवाने ताम सांग खाणावळीला जेवणाच्या ठरावीक वेळा नसतात. दुपारी चारलाही शेगडी पेटलेली असते. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी थर्मास सोबत ठेवावा, कारण मेजावर येणारे पाणी बर्फासह येते.

नऊ दिवसांची गल्ली

बँकॉकमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस सामुदायिक जेय पाळले जाते. हे दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बहुधा आपल्या आश्विनाच्या शुक्ल पक्षातच येतात. चिनी वस्तीचा याओवारात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. एरवी मांस शिजवणाऱ्या कितीतरी खाणावळी भांडी घासून-पुसून किंवा निराळी काढून नऊ दिवस जेय करतात. फुकेत बेटावर या उत्सवाची परंपरा 1825 पर्यंत मागे नेली जाते. काथू येथे आलेली एक चिनी नाटकमंडळी रोगाने आजारी पडली आणि हे व्रत केल्यावर बरी झाली, अशी आख्यायिका सांगतात. याच सुमारास सीलोमवरील मारीअम्मन मंदिरात नवरात्र चालू असते, आणि आश्विनातील नवपदांच्या ओळीत जैन घरांतून आयंबिल होत असते. तिघांची देवस्थाने वेगळी, तत्त्वज्ञान वेगळे, वर्ज्य पदार्थांची यादीही वेगळी. पण एकाच पंधरवड्यात तिन्ही समाजांतील माणसे जिभेला थोडे थांबायला सांगतात.

ज्या कुटुंबाला थाई जेवण प्रथमच चाखायचे आहे, त्यांनी शक्य असल्यास हे नऊ दिवस निवडावेत. त्या दिवसांत कढईची चिंता बरीच कमी असते आणि खाणावळीतील प्रत्येकजण, तात्पुरता का होईना, नियमातच असतो. एरवी जाणाऱ्यांनी एकच खाणावळ धरून ठेवावी. तेथील स्वयंपाक करणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीला ‘पा’, म्हणजे मावशी किंवा आत्या, अशीच हाक मारतात. आपणही तशीच मारावी. पहिल्या दिवशी कागद दाखवावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच लसणाचे भांडे बाजूला सरकवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारात पाऊल पडताच विचारते, ‘किन खाओ रू यांग?’ शब्दशः अर्थ ‘भात खाल्लात की अजून नाही?’, आणि वापर मात्र आपल्या ‘जेवलात का?’सारखाच, कुशल विचारण्यापुरता. तिने असे विचारले म्हणजे तिला आपली ओळख पटली. उखळ धुतले आहे ना, हे मात्र तेव्हाही विचारावे. ओळख झालेल्या माणसाला विचारणे उलट अधिक सोपे असते.